धुराणीची खोट

आमच्या घरात सकाळपासून कात्रीचा आवाज असायचा. बिडीचं पान कापायची कात्री कापडाच्या कात्रीसारखी वाजत नाही. ओलसर पानाला कुणी चावत असल्यासारखा तिचा बारीक आवाज येतो, आणि चार-पाच जणी एकदम कापायला बसल्या की पुढच्या सोप्यात शेळ्या चरायला सोडल्यात असं वाटतं. आई आदल्या दिवशीच पानं भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. भाकऱ्या झाल्या की ती सूप मांडीवर घेऊन बसायची आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळ्या. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. निपाणीत आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच चालायचं. बाहेरगावचा पाहुणा उंबऱ्यात दोन शिंका देऊन मगच आत यायचा. आम्हाला तो वास येतच नसे. दुपारी जोंधळ्याची भाकरी, खर्डा, कधी ताक, कधी अंबाडीची भाजी. हात कितीही धुतले तरी पहिला घास कडू लागायचा, आणि भाकरीची चवच तशी असते अशी माझी समजूत होती. लग्न होऊन येळ्ळूरला आले तेव्हा पहिल्या दिवशीची भाकरी मला गोड लागली. सासूबाईंना वाटलं, नवी सून तोंडावर गोड बोलतेय.

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचता येत होतं, चांगलं येत होतं, पण उभं राहून मोठ्यानं वाच म्हटलं की माझा गळा मिटायचा. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला बरेच दिवस रोज उभं केलं, कधी रागावून, कधी समजावून. शेवटी त्यांनी बाजारात आप्पांना गाठून सांगितलं की पोरीला अक्षरओळख नाही, पुढच्या वर्गात जाऊन काय करणार. आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. त्यांनी घरी येऊन आईला तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर सूप आलं. खरं काय ते मी सांगितलं नाही. सांगायला बोलावं लागलं असतं.

मग वाचायला काही उरलं नाही. बिडीच्या बंडलावरची लेबलं मी पाठ होईस्तोवर वाचली. वाण्याकडून साखर ज्या कागदात यायची तो कागद मी उलगडून ठेवायची, त्यावर अर्धी बातमी असायची, आणि उरलेली अर्धी मी मनानं पुरी करायची. आईला वाटायचं, शेवंती चित्रं बघत बसते. मी वाचते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मंगल आक्का आली आणि तिला ते दोन दिवसांत कळलं.

मंगल आक्का म्हणजे आमच्या थोरल्या काकांची मुलगी. बेळगावात मामाकडे राहून ती नववीपर्यंत शिकली, मामाची बदली लांब झाली तशी परत आली. तिच्या बिड्या सैल व्हायच्या. कारखान्यात तपासणारा माणूस तिच्या बंडलातल्या निम्म्या बिड्या बाजूला काढून टाकायचा आणि आई मान खाली घालून घरी यायची. पण आक्काचे हात दुसऱ्या कामाला चांगले होते. एकदा दुपारी आम्ही पोरी पत्ते खेळत होतो, नेहमीचे, राजा-राणीचे. आक्कानं राजा उचलून धरला.

"ह्यो राजा गुलामाला खातो. का खातो?"

"राजा हाय म्हणून," हौसा म्हणाली.

"पर केलं काय ह्यानं? नुसता मिशा घिऊन बसलाय. ह्याच्यापरीस तुमचा रेडा बरा, गाडी तरी वडतो."

हौसा शेजारची. माझ्याच वयाची, पण आवाज असा की तिनं आपल्या परड्यातून हाक मारली तर चार घरांपलीकडली बाई ओ द्यायची. तिची आई, पारू काकी, आधी वखारीत तंबाखू निवडायला जायची. तिथल्या धुरळ्यानं छाती धरली म्हणून आता आमच्या सोप्यात बसून बिड्या वळायची. तिचा खोकला सुरू झाला की आम्ही बोलायचं थांबायचो, संपला की जिथं राहिलं होतं तिथून पुढं बोलायचो. इतकी सवय झाली होती.

त्या राजाच्या गोष्टीनंतर महिनाभर आक्का काहीतरी कातरत आणि रंगवत होती. शर्टाच्या खोक्यातले पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची मागची बाजू. रंग घरातलेच, हळद, कुंकू, नीळ आणि काजळी. त्यातून तिचे स्वतःचे पत्ते झाले. राजा नाही, राणी नाही. एका पत्त्यावर डोंगऱ्या होता, पाठीवर झाडं उगवलेला म्हातारा, ज्याला कुणी हरवू शकत नसे. एकावर सुईतोंड्या पक्षी, कसल्याही चिलखतातून चोच घालणारा. एकावर मीठराक्षस, एका वेळी समोरचे दोन पत्ते चाटून टाकणारा. कौलांवर राहणारी, कुणाला न दिसणारी कौलमांजर. आणि प्रत्येक पत्त्यावर चित्राखाली दोन ओळी. वरच्या ओळीत त्याचा जोर, खालच्या ओळीत त्याची खोट. डोंगऱ्या एक चाल जागा असला की दोन चाली झोपायचा. सुईतोंड्याची चोच एकदा वापरली की मोडायची. मीठराक्षसावर पाण्याचा कुठलाही पत्ता पडला की तो विरघळून जायचा. "ज्याला खोट न्हाय त्यो पत्ता फाडून टाकायचा," आक्का म्हणायची. "त्याच्यासंगं कोण खेळंल?"

खेळ असा होता. प्रत्येकीनं आपल्या पुढ्यात तीन पत्ते मांडायचे, ते तिचं रान. पाच पत्ते हातात, बाकीचे मधे ढिगात. आळीपाळीनं एकेक चाल. जिचं रान रिकामं झालं ती हरली. आणि चालीला वेळ किती, तर समोरचीची एक बिडी वळून होईस्तोवर. समोरचीनं दोऱ्याची गाठ मारली की तुझी चाल गेली. आक्कानं हा नियम आईसाठी केला होता. दोघींतली एक विचार करत असेल तेव्हा दुसरीचे हात चालूच असायचे, त्यामुळे आई काही बोलू शकत नसे. उलट विचाराला वेळ मिळू नये म्हणून पोरी इतक्या भराभर वळायला लागल्या की आईनं एकदा विचारलं, आज खेळणार न्हाय व्हय गं.

सगळ्या पोरींकडे आपापले पत्ते असायचे आणि जेवणानंतर अदलाबदल चालायची. एका मीठराक्षसाला दोन कौलमांजरी, असा भाव ज्याचा त्याचा. मला त्या अदलाबदलीत बोलायला जमायचं नाही, मी नुसता पत्ता पुढं करायची. पण पत्ते वाचायला मिळायचे. कुणाचाही पत्ता मी हातात घेऊन बघितला तरी कुणी काही म्हणत नसे. चौथीनंतर माझं जे काही वाचन झालं ते त्या साठेक पत्त्यांवर झालं. आक्काचं अक्षर मला आजही डोळे मिटले की दिसतं, तिचा 'क्ष' गाठ मारल्यासारखा असायचा.

धुराणी तिनं सगळ्यांत शेवटी केली. चार दिवस ती एकाच पत्त्यावर बसली होती. दिव्याची काजळी बोटानं घासून तिनं एक बाई काढली होती, धुराची, जिला तोंड नाही, नुसते दोन डोळे. केस पत्त्याच्या कडेवरून मागच्या बाजूला गेलेले. मी तो पत्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा श्वास धरून बघितला, फुंकर लागली तर बाई उडून जाईल असं वाटलं. तिचा जोर एका ओळीत होता. धुराणी रानात आली की समोरचं सगळं रान पुसलं जातं. म्हणजे खेळच संपला. डोंगऱ्या असो की आणि कुणी.

खोटी मात्र तीन होत्या. दुसऱ्या कुठल्याच पत्त्याला तीन नव्हत्या. पहिली, तिला बोलवण्याआधी हातातले दोन पत्ते तिला खायला द्यायचे. दुसरी, उरलेले पत्ते सगळ्यांना दिसतील असे उघडे ठेवायचे. तिसरी अशी, की उभं राहून, चार ओळींत, न थांबता तिला मोठ्यानं हाक मारायची. अडखळलीस तर धुराणी समोरचीकडं जाते. मग समोरचीनं त्याच डावात हाक मारायची, आणि तिलाही नाही जमली तर धुराणी तिचंच रान जाळून जाते. मागच्या बाजूला, त्या केसांमध्ये, आक्कानं हाकेच्या चार ओळी लिहिल्या होत्या.

वखारीच्या कौलांमधून ऊठ, धुराणी,
तुला पाय नाहीत, तुला वाट लागत नाही,
माझ्या वैऱ्याचं रान झाकून टाक,
आणि जाताना माझंही नाव पुसून जा.

आक्काला पाच पत्ते दिले की धुराणी मिळायची. पोरी धावत गेल्या. पण आठ दिवसांच्या वर ती कुणाकडे राहिली नाही. घ्यायची तेव्हा सगळ्यांना तिचा जोर दिसायचा आणि घेतल्यावर खोट दिसायची. कुणी दुसऱ्या ओळीत अडखळली, कुणाला उभी राहिल्यावर हसूच फुटलं, चारही ओळी पुऱ्या कुणाच्याच तोंडून ऐकू आल्या नाहीत. पोरी तिला घेऊन यायच्या आणि तीन पत्त्यांवर परत देऊन जायच्या. हौसानं ती कधीच घेतली नाही. "मला नगं ती बया," म्हणायची, "लई नखरं हाईत तिचं." खरं कारण मला माहीत होतं. हौसा कुठलाही नवा पत्ता हातात आला की माझ्याकडे सरकायची आणि हळूच विचारायची, "हिची खोट काय गं?" मी तिच्या कानात सांगायची. एकदा ऐकलं की ती विसरत नसे. ती शाळेत एकच वर्ष गेली होती.

मीही धुराणी घेतली नव्हती, पण बिड्या वळताना दिवसभर मी तिचंच तोलून बघत असायची. दोन पत्ते खायला द्यायचे, ही खोट दिसायला मोठी, पण हातात दोन फुटके पत्ते नेहमीच असतात. पत्ते उघडे पडतात, ही खोट खेळाच्या सुरुवातीला जीव घेईल, पण धुराणी आल्यावर खेळ संपणारच असेल तर उघडे पत्ते बघून समोरची करणार काय? म्हणजे तिला शेवटच्या चालीपर्यंत राखून ठेवलं तर पहिल्या दोन खोटी जवळजवळ गळून पडतात. हे मला कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला, आणि त्याहून जास्त आक्काचं कौतुक वाटलं. कारण तिसरी खोट अशी होती की कितीही राखून ठेवा, ती कमी होत नाही. जी बोलणारी तिला ती काहीच नाही. माझ्यासाठी ती एकटी बाकी साठ पत्त्यांपेक्षा जड होती.

माझी नात बेळगावात सहावीत आहे. तिच्याकडे असलेच पत्ते आहेत, विकतचे, चकचकीत, त्यावर आग ओकणारे अजगर. मागच्या सुट्टीत ती सांगत होती, "आज्जी, मैत्रीण एका ड्रॅगनला माझे पाच पत्ते मागतेय. एका फटक्यात सगळ्यांना मारतो तो." मी विचारलं, खोट काय त्याची? तिला शब्द कळला नाही, मग कळला. म्हणाली, "एकदा मारलं की पुढच्या दोन टर्न झोपतो." मी म्हटलं, पाच पत्ते तर तू देऊन बसलेली असणार, मग तो झोपल्यावर तुला राखणार कोण? संध्याकाळी तिच्या बापाला फोनवर सांगत होती, आज्जीला गेम येतो.

आक्काचं लग्न ठरलं ते कणकुंबीकडे. रानातलं गाव, पावसाळ्यात चार महिने भिंतींना बुरशी. पत्ते तिकडे नेले तर एका पावसात लगदा होईल, म्हणून ती म्हणाली, सगळ्यांनी आपापले पत्ते परत द्या, एका पेटीत ठेवू, आणि जी जिंकेल तिच्याकडे पेटी राहील. वाटून ठेवले तर वर्षभरात एकेक करून हरवतील. सगळ्यांनी दिले. आठवडाभर दुपारी खेळ चालला, आणि शेवटी दोघी उरलो, हौसा आणि मी. मी बोलत नसले तरी कुठला पत्ता येऊन गेला हे मला आठवायचं.

मला ती पेटी हवी होती. बाकीच्या पोरींना खेळ हवा होता. मला मात्र ती पेटी गेली तर पुन्हा साखरेच्या कागदावर यावं लागणार होतं. हौसा ती घरी नेऊन फळीवर ठेवील, चित्रं बघील, आणि मला रोज तिच्याकडे मागायला जावं लागेल. मागायचं म्हणजे बोलायचं. मला ती पेटी माझ्या उशाला हवी होती.

शेवटचा डाव होता त्याच दिवशी आक्काची होणारी सासू कणकुंबीहून आली. साडी दाखवायला आली होती. आईनं च्या ठेवला आणि आम्हाला आवरा म्हणून डोळ्यांनी खुणावलं, पण सासूबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. सून काय काय शिकून आलीय बघू तरी." आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. सोप्यात आई, पारू काकी, आक्का, सासूबाई, शिवाय हरलेल्या चार पोरी.

डाव लांबला. हौसाच्या रानात डोंगऱ्या होता, झोपलेला, पण पुढच्या चालीला उठणार होता. शेजारी सुईतोंड्या आणि कौलमांजर. माझ्या रानात तीन किरकोळ पत्ते. डोंगऱ्या उठला की माझं संपलं. मी ढिगातला पत्ता उचलला आणि ती धुराणी निघाली.

समोर हौसाची बोटं पान वळत होती. मला तेवढाच वेळ होता. वाचून दाखवलं की जिंकले, चार ओळी तर पाठच होत्या. पण आई समोर होती, परकी बाई समोर होती, आणि गळा मिटायला लागलेला मला कळत होता. आणि त्याच वेळी दुसरा रस्ताही मला दिसला. मी गप्प राहिले तर धुराणी हौसाकडे जाईल. हौसाला वाचता येत नाही. तिला हाक जमणार नाही, तिचं रान जळेल, आणि पेटी माझी. इतके दिवस मी धुराणीच्या खोटी माझ्या बाजूनं तोलत होते. पत्ता ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे त्याची खोटही जाते, हे त्या क्षणी ध्यानात आलं.

मी दोन पत्ते तिला खायला दिले, उरलेले उघडे केले, आणि उभी राहिले. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. मी अडखळले असं सगळ्यांना वाटलं. मी अडखळले नव्हते. मी तोंड उघडलंच नाही.

आक्का थांबली, आणखी थांबली. मग म्हणाली, "गेली गं. हौसाकडं गेली."

मी पत्ता हौसाच्या हातात दिला. तिनं तो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "वाच की पोरी, काय लिवलंय?" हौसाचं बोट त्या चार ओळींवर होतं आणि हलत नव्हतं. पारू काकीला खोकला आला. तो संपेपर्यंत कुणी बोललं नाही, आणि तेवढा वेळ मला फार लांब वाटला. माझ्या मैत्रिणीला मी चार बायकांसमोर उभं केलं होतं, मला गुरुजींनी केलं होतं तसंच.

खोकला थांबला. हौसानं पत्ता सुपात पालथा ठेवला, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कौलांकडे बघून तिच्या त्या आवाजात हाक मारली.

"ऊठ गं धुराणे, लई झोपलीस,
सासू आली दारात, चुलीत जाळ न्हाय,
ह्या शेवंतीची समदी चित्तरं गिळून टाक,
आन् जाताना आमच्या आईचा खोकला घिऊन जा."

दुसऱ्या ओळीला सोप्यात हसू फुटलं, सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या ओळीला पोरी माझ्याकडे बघून टाळ्या पिटायला लागल्या. चौथ्या ओळीला सगळं थांबलं. पारू काकी सुपात बघत होती.

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं. कसं म्हटलं मला माहीत नाही. पेटी हातातून जाताना दिसली आणि गळा आपोआप उघडला. आईची कात्री थांबली. तिनं मान वळवून मला विचारलं, "काय लिवलंय ते तुला गं काय ठावं?"

तेवढ्यात आक्कानं पत्ता उचलला, खालची ओळ स्वतःशी पुन्हा वाचली, आणि हसायला लागली. अशी हसली की सासू समोर बसलीय हेही विसरली. "उभं राहून, चार वळीत, न थांबता, यवढंच लिवलंय म्या. कुठल्या चार वळी, ते लिवलंच न्हाय. ही उभी ऱ्हायली, चार म्हणली, कुठं थांबली न्हाय." मग तिनं स्वतःच्या हातानं माझ्या रानातले तीनही पत्ते उचलले. हरल्याचं दुःख होतंच, पण मला आक्काचा तो चेहरा आठवतो. स्वतः केलेल्या खेळात स्वतःला न सुचलेलं काहीतरी दुसरीनं करून दाखवलं, याचा तिला किती आनंद झाला होता. पुढं आयुष्यात शहाणी माणसं पुष्कळ बघितली, असा आनंद झालेली फार थोडी. पेटी हौसाची झाली.

आक्का सासरी गेली. चार दिवस हौसा आमच्याकडे आली नाही, तिची आई एकटीच येऊन बसायची. मी बिड्या वळायची आणि उंबऱ्याकडे बघायची. पाचव्या दिवशी ती पेटी काखेत मारून आली आणि माझ्यासमोर फतकल घालून बसली.

"तवा मुद्दाम गप बसलीस न्हव?"

"व्हय," मी म्हटलं.

"मला ठावं हुतं." तिनं पेटी उघडली. "डोसकं चांगलं चालतंय तुझं. आता सांग, ह्यात काय काय लिवलंय. कानात न्हाय सांगायचं. आईला ऐकू जाऊ दे."

मी पहिला पत्ता उचलला. आवाज नीट येत नव्हता. हौसा म्हणाली, "वर काढ," आणि मी थोडा वर काढला. डोंगऱ्या वाचला. मीठराक्षस वाचला. तिसरा-चौथा पत्ता झाल्यावर आई कात्री न थांबवता म्हणाली, "मास्तर म्हनलं हुतं तुला येत न्हाय."

"येतं."

आईनं आणखी दोन पानं कापली. मग म्हणाली, "मग वाच की. थांबलीस कशाला?"

संध्याकाळपर्यंत मी सगळी पेटी वाचली. शेवटी धुराणी आली. मी आक्काच्या चार ओळी वाचून दाखवल्या, आणि हौसानं त्या मान हलवत ऐकल्या, दोनदा वाचायला लावल्या. "बरं हाय की," म्हणाली. "पाय न्हाईत म्हणून वाट लागत न्हाय. आक्काला सुचतंय." मग पेटीच्या तळातून तिनं आक्काच्या पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "आता माझं लिव. त्याच्या खालीच."

शाळा सुटल्यापासून मी हातात पेन्सिल धरली नव्हती. अक्षरं मोठी आली, ओळ वर चढत गेली. हौसानं जसं म्हटलं होतं तसंच मी लिहिलं, 'लई'ला 'लई' आणि 'समदी'ला 'समदी', शाळेतलं केलं नाही. तीन ओळी लिहून मी पेन्सिल खाली ठेवली.

"वाच," हौसा म्हणाली.

मी तीन ओळी वाचल्या.

"चार म्हनल्या हुत्या म्या."

मी पारू काकीकडे बघितलं. ती हाताच्या अंतरावर बसली होती, सूप मांडीवर. हौसानंही तिकडे बघितलं. पारू काकीनं बिडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली.

"लिव की गं," ती म्हणाली. "खोकला माझा हाय. तू कशाला लाजतीस?"

खाली जागा थोडीच उरली होती. मी अक्षरं बारीक करून चौथी ओळ लिहिली.